मुलीच्या दिवसातला तो एक तास

शाळेत कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणं यात पुढे असलेल्या मुली कॉलेजात आल्यावर मैदानावर का दिसत नाहीत? पनवेल परिसरातल्या महाविद्यालयीन मुलींच्या गटांबरोबर काम करताना हा प्रश्न वारंवार समोर येतो. मुली नेरे, वावंजे, आपटा, तारा या बाजूच्या गावांतून येणाऱ्या असोत की कळंबोली, कामोठे, खांदा कॉलनीतल्या, उत्तर जवळजवळ एकच असतं : "आता अभ्यास आहे ना ताई." पालकांना विचारलं तर तेही हेच सांगतात. "शाळेत खेळली तेवढं पुरे. आता मार्क मिळवू दे. खेळून काय पोट भरणार आहे?"

याच घरातला भाऊ संध्याकाळी बॅट घेऊन बाहेर पडतो, नाहीतर जिममध्ये जातो. त्यालाही अभ्यास असतो, परीक्षाही त्याच विद्यापीठाची असते. पण खेळून पोट भरणार का, असं त्याला कुणी विचारत नाही. उलट "खेळून दमून आला की बरं, नाहीतर नको त्या नादाला लागेल," असं ऐकायला मिळतं. म्हणजे एकच खेळ मुलाला बिघडण्यापासून वाचवतो आणि मुलीला मात्र बिघडवतो!

या लेखात दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, खेळाने आणि व्यायामाने मुलींचा अभ्यास बुडतो या म्हणण्याला आधार नाही. तो बुडतो दुसऱ्याच कारणांनी. दुसरी गोष्ट आपल्यासारख्या संघटनांत काम करणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाची आहे. "व्यायाम केला तर मार्क वाढतील" एवढ्याच आधारावर आपण मुलींसाठी मैदान मागितलं, तर ते मैदान त्यांच्याकडे टिकणार नाही.

अभ्यास खरंच बुडतो का?

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर भागातल्या प्राथमिक शाळांमध्ये १९७० ते १९७७ या काळात एक मोठा प्रयोग झाला. सुमारे साडेपाचशे मुलामुलींचा अभ्यास त्यात केला गेला. काही तुकड्यांना रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण दिलं. हा तास इतर विषयांच्या वेळातून काढला, त्यामुळे त्या विषयांचा वेळ तेरा-चौदा टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडच्या कुठल्याही पालक सभेत अशी सूचना आली तर गोंधळ उडेल. पण तिथे खेळणाऱ्या तुकड्यांचे मार्क घसरले नाहीत. वरच्या इयत्तांत तर ते इतरांपेक्षा बरे दिसले.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटं झपझप चालायला लावलं आणि थोड्या वेळाने त्यांच्या चाचण्या घेतल्या. बसून राहिल्यानंतरच्या चाचण्यांशी तुलना केली, तेव्हा चालण्यानंतर मुलांचं लक्ष जास्त एकाग्र होतं आणि वाचलेलं त्यांना जास्त समजलं होतं.

यात जादू काही नाही. हालचालीने रक्ताभिसरण वाढतं, रात्रीची झोप गाढ लागते, मनावरचा ताण हलका होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधडणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं, झोप न लागणं, या तक्रारी आपल्या गटातल्या मुली नेहमी सांगतात. नियमित चालणं-पळणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सतरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटांची, तर अठरा वर्षांपुढच्या सर्वांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल हवी. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. याने कुणाचं वर्ष वाया जाणार नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. वर सांगितलेले दोन्ही प्रयोग शाळकरी मुलांवरचे आहेत. कॉलेजच्या विद्यार्थ्यांबाबत "व्यायाम करणाऱ्यांना जास्त मार्क" असं सांगितलं जातं, तेव्हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे. व्यायाम करू शकणारी मुलं कोण असतात? ज्यांना पुरेसं खायला मिळतं, अभ्यासाला स्वतंत्र खोली मिळते, घरी आल्यावर भांडी पडलेली नसतात, अशांनाच व्यायामालाही वेळ मिळतो आणि मार्कही मिळतात. त्यामुळे मार्क व्यायामामुळे वाढले की दोन्ही गोष्टी सुस्थितीतून आल्या, हे वेगळं काढणं सोपं नसतं. आपण मुलींना आणि पालकांना खरं तेच सांगावं. व्यायामाने अभ्यास बुडत नाही, बहुधा त्याला मदतच होते. पण व्यायाम म्हणजे पास होण्याचं औषध नाही.

जुनी भीती, नवे शब्द

मुलींना एका वेळी एकच काहीतरी झेपतं, ही समजूत जुनी आहे. दीडशे वर्षांपूर्वी ती उलट्या बाजूने मांडली जात होती. अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये प्राध्यापक राहिलेल्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरने १८७३ साली पुस्तक लिहून सांगितलं, की वयात येणाऱ्या मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे वळते, गर्भाशय दुबळं होतं आणि त्या आजारी पडतात. त्याला उत्तर दिलं मेरी पुटनम जेकोबी या स्त्री-डॉक्टरने. तिने २६८ स्त्रियांकडून त्यांच्या पाळीची, आरोग्याची, व्यायामाची, शिक्षणाची माहिती गोळा केली. नाडीची आणि स्नायूंच्या ताकदीची मोजमापं घेतली. आणि पाळीच्या दिवसांत सक्तीने विश्रांती घेण्याची गरज यातून सिद्ध होत नाही, असं १८७७ च्या आपल्या ग्रंथात मांडलं. ही जेकोबी १८६४ साली फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली, तिथूनच १८८६ साली आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली.

तेव्हा म्हणत, अभ्यास केला तर शरीर बिघडेल. आता म्हणतात, शरीर हलवलं तर अभ्यास बिघडेल. वाक्य उलटं झालं, पण बाईचं शरीर ही सांभाळून, झाकून ठेवायची वस्तू आहे ही धारणा जागच्या जागी राहिली. पाळीत खेळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, उन्हात काळं पडायचं नाही, हात-पाय खरचटून घ्यायचे नाहीत. आणि या सगळ्याच्या शेवटी लग्नाचा बाजार उभा असतोच.

मुलांच्या बाबतीत आपल्या मातीतला इतिहास वेगळं सांगतो. पनवेल तालुक्यातल्या शिरढोणला १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके लहूजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत तयार झाले, हे इथल्या शाळेत प्रत्येकाला सांगितलं जातं. हेच फडके १८६० साली पुण्यात शिक्षणसंस्था उभी करणाऱ्यांपैकी एक होते, हे त्या मानाने कमी सांगितलं जातं. जोतीराव फुलेही लहूजींच्याच तालमीत शिकले. तालीम आणि पुस्तक यांत त्यांना विरोध दिसला नाही. त्यांच्या चरित्रात दंड-बैठकांचं कौतुक येतं आणि विद्येचंही. मग मुलीने कॉलेजात जाता जाता पळायचं ठरवलं, की हा विरोध नेमका कुठून येतो?

तास जातो कुठे?

मुलीच्या अभ्यासाला वेळ पुरत नाही हे खरं आहे. पण तो वेळ खेळ खात नाही. आसपासच्या गावातून पनवेलला येणाऱ्या मुलीचा दिवस मांडून पाहावा. पहाटे पाचला उठायचं, पाणी भरायचं, वडिलांचा, भावाचा, स्वतःचा डबा करायचा. सकाळचं कॉलेज गाठायला एसटी नाहीतर सहा आसनी रिक्षा पकडायची. दुपारी परत येऊन कपडे, भांडी, धाकट्यांचा अभ्यास. काही जणी दुपारनंतर दुकानात, पार्लरमध्ये, कॉल सेंटरवर काम करतात किंवा शिकवण्या घेतात. संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. पुस्तक उघडायला रात्रीचे दहा वाजतात आणि अकराला डोळे मिटतात.

२०१९ साली देशभर झालेल्या सरकारी वेळ-वापर पाहणीत याचे आकडे आले. घरातलं बिनपगारी काम दिवसभरात करणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. जे हे काम करत होते त्यांच्यातही बाईचा सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुषाचा ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. या आकड्यात आपल्या कॉलेजच्या मुलीही आहेत. आई कामावर जाते तिथे घरातली दुसरी आई म्हणजे ही मुलगीच असते.

म्हणून "खेळायला गेलीस तर अभ्यास कधी करशील?" या प्रश्नाला उलट प्रश्न विचारायला हवा. भाकऱ्या भावानेही थापल्या तर तिला खेळायला आणि अभ्यासाला, दोन्हीला वेळ उरेल की नाही? पालक सभेत हा प्रश्न विचारला की आधी हशा होतो, मग शांतता पसरते. ती शांतता आपल्या कामाची आहे. तिथेच थांबून बोलायला हवं.

घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे

यावर एक ठरलेलं उत्तर येतं : "आमच्या मुली कामाच्या आहेत. झाडू-पोछा, पाण्याचे हंडे, यातच व्यायाम होतो. वेगळा कशाला हवा?" हे म्हणणारे सगळेच वाईट हेतूने म्हणतात असं नाही. पण यातली गल्लत ओळखायला हवी.

व्यायामात शरीर आपल्या मर्जीने हलतं. दम लागला की थांबता येतं. सगळ्या स्नायूंना आळीपाळीने काम मिळतं, मग विश्रांती आणि खाणं मिळतं, आणि ताकद वाढते. घरकामात तोच खांदा, तीच कंबर, तेच गुडघे रोज वापरले जातात. थांबायची मुभा नसते, विश्रांती नसते, आणि पानात उरलंसुरलं येतं. त्यातून ताकद वाढत नाही, झिजते. शिवाय खेळात माणूस हसतं, ओरडतं, हरतं, जिंकतं. भांडी घासताना यातलं काय होतं?

खाण्याचा मुद्दा वेगळा काढून बोलला पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण शंभरात ३१ होतं. रक्त कमी म्हणजे दोन जिने चढले की धाप, तासाला बसलं की डोळ्यावर झापड, वाचलेलं लक्षात न राहणं. मग शिक्षक म्हणतात मुलगी आळशी आहे, घरचे म्हणतात हिचं डोकंच चालत नाही. वास्तविक चालत नाही ते तिचं ताट. आमच्या तालुक्यातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरून जी थोडी मुलं-मुली कॉलेजपर्यंत पोहोचतात, त्यांना तर "व्यायाम करा" हा उपदेश करायला जाण्याआधी त्यांनी सकाळी काय खाल्लं हे विचारायला हवं. मुलींसाठी व्यायामाची मागणी आपण भाकरीच्या आणि विश्रांतीच्या मागणीपासून तोडू शकत नाही.

मैदान कुणाचं?

समजा तास मिळाला. जायचं कुठे? पनवेल हे जुनं गाव. १८५२ साली इथे नगरपालिका झाली, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. १९७० नंतर सिडकोने आजूबाजूच्या गावांच्या जमिनी घेऊन वसाहती उभ्या केल्या. आता विमानतळही झाला. त्यासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं हलवावी लागली. या उलथापालथीत गावाची खळी, माळ, शाळेमागची मोकळी जागा, जिथे मुली न विचारता खेळत होत्या, त्या जागा कमी झाल्या. त्यांच्या बदल्यात कुंपणाची मैदानं आणि बागा आल्या. नकाशात त्या सगळ्यांसाठी आहेत. संध्याकाळी सहा वाजता जाऊन पाहावं. एका मैदानावर क्रिकेटचे चार-पाच डाव एकाच वेळी चालू असतात, आणि मुली कडेने जाताना दिसतात, पावलं भराभर टाकत, ओढणी सावरत.

बागांतल्या चालण्याच्या वाटांवर सकाळी बायका दिसतात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यातल्या बऱ्याच जणी चाळिशीपुढच्या असतात आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आलेल्या असतात. आजारपणाची चिठ्ठी हातात असली की बाईला घराबाहेर चालायला परवानगी मिळते. वीस वर्षांच्या निरोगी मुलीकडे अशी चिठ्ठी नसते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं, की रस्त्यावरच्या बाईला सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. विनाकारण उभं राहण्याचा हक्क पुरुषाला आहे, तिला नाही. मैदानाचंही तेच आहे. शर्यत असेल, स्पर्धा असेल, सरांनी बोलावलं असेल तर ती जाऊ शकते. 'मला पळावंसं वाटतं' हे कारण चालत नाही.

हे फक्त पनवेलचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या २०१६ च्या अंदाजानुसार ११ ते १७ वयाच्या शंभरातल्या ८५ मुली पुरेशी हालचाल करत नव्हत्या, मुलग्यांत हे प्रमाण ७८ होतं. म्हणजे मुलगेही फार हलत नाहीत. पण मुली बहुतेक ठिकाणी एक पाऊल मागे आहेत, आणि हे पाऊल त्यांनी आपणहून मागे घेतलेलं नाही.

पालकांची एक भीती मात्र खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. रस्त्यावरची छेडछाड, आणि त्याहून न बोलली जाणारी, प्रशिक्षकाकडून होणारी लगट. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नावाजलेल्या महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर याच प्रश्नासाठी धरणं धरून बसल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. यावर उपाय म्हणून मुलीला घरात बसवणं हा न्याय उलटा झाला. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कामाची जागा' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा हे सगळं स्पष्टपणे घातलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. किती मुलींना त्या समितीतल्या सदस्यांची नावं ठाऊक असतात? ही नावं जिमखान्याच्या दारावर लावा, ही साधी मागणीही आपण अजून पुरेशी लावून धरलेली नाही.

मार्कांच्या युक्तिवादातला सापळा

आता मूळ मुद्दा. गावागावांत, वसाहतींत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पालकांशी बोलावं लागतं. अशा वेळी "व्यायामाने लक्ष लागतं, मार्क वाढतात" हे सांगितलं की दार किलकिलं होतं. ते वापरायला हरकत नाही, कारण ते खोटं नाही. पण केवळ त्याच आधारावर उभं राहिलं तर काय होतं ते पाहा. सहामाहीत मार्क कमी पडले, की पहिल्यांदा बंद होतो तो खेळ. घरकाम बंद होत नाही, पाहुण्यांची उठबस बंद होत नाही, मंगळागौर आणि हळदीकुंकू बंद होत नाही. ज्या गोष्टीला परवानगी 'फायद्यासाठी' मिळते, ती फायदा दिसेनासा झाला की काढून घेतली जाते.

आणि हा फायदा नेहमी दुसऱ्या कुणाचा असतो. मुलगी सडपातळ राहावी म्हणून जिम, कारण स्थळं येतात. मुलगी सुदृढ हवी, कारण उद्या सुदृढ बाळ हवं. मुलीने योग करावा, कारण मन शांत राहील आणि ती उलट बोलणार नाही. आता त्यात भर, की तिने पळावं, कारण मार्क येतील आणि नोकरी लागेल. बाईचं शरीर आईबापांसाठी, नवऱ्यासाठी, मुलांसाठी, देशासाठी राखलं जातं. ते तिचं स्वतःचं आहे, हे कुणीच म्हणत नाही. ते निदान आपण तरी म्हणायला हवं.

नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरून आलेली कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. त्यांचा आपल्याला अभिमान आहेच. पण प्रत्येक मुलीने पदक आणलं तरच तिचं पळणं माफ, असं होऊ नये. जी शर्यतीत शेवटची येते, जिला फक्त संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बॅडमिंटन खेळायचं आहे, तिचाही तो तास तिचाच आहे.

खेळातून मुलीला जे मिळतं ते गुणपत्रिकेत उतरत नाही. पडून उठणं, मोठ्याने ओरडणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहणं, आपल्या जातीच्या नसलेल्या मुलीचा हात घट्ट धरून साखळी करणं, अंगावर आलेल्याला हटवता येतं हे शरीराला कळणं. आमच्या गटातली कबड्डी खेळणारी एक मुलगी म्हणाली, "ताई, मॅटवर मला कुणी 'हळू बोल' म्हणत नाही." या वाक्याचं मोल कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त आहे.

काय करता येईल?

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात क्रीडा, योग, एनएसएस, एनसीसी अशा सहशालेय विषयांना श्रेयांक मिळतात. कागदावर ही चांगली संधी आहे. धोका असा, की मुलींच्या वाट्याला बसून करायचा प्रकल्प आणि मुलांच्या वाट्याला मैदान, अशी वाटणी गुपचूप होऊन जाते. तेव्हा आपल्या भागातल्या संघटनांनी महाविद्यालयातल्या महिला विकास कक्षाला बरोबर घेऊन पुढील मागण्या कराव्यात :

१. जिमखाना फी मुलीही भरतात. तो पैसा मुलींच्या खेळावर किती खर्च झाला, हे दरवर्षी फलकावर लावावं.

२. मैदानाचे आणि व्यायामशाळेचे ठरावीक तास मुलींसाठी राखून ठेवावेत. हे तास कॉलेजच्या वेळेतच, गावाकडची शेवटची गाडी चुकणार नाही असे असावेत.

३. कपडे बदलायला खोली, पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि पॅडची सोय मैदानाजवळ हवी. लेडीज कॉमन रूममधला कॅरम बोर्ड म्हणजे मुलींचा क्रीडा विभाग नव्हे.

४. स्त्री-प्रशिक्षक नेमाव्यात आणि तक्रार समितीची नावं मैदानावर लावावीत.

५. प्रवेशाच्या वेळी रक्ततपासणी, गोळ्या, आणि कॅन्टीनमध्ये स्वस्त, पोटभर खाणं मिळावं.

६. महानगरपालिकेने आणि सिडकोने प्रत्येक मैदानावर दिवे लावावेत आणि आठवड्याचे काही तास मुली-बायकांसाठी जाहीर करावेत.

आणि घरातली मागणी आपली आपणच करायची आहे. भावाच्या हातात लाटणं दिल्याशिवाय बहिणीच्या हातात बॅट येणार नाही.

गटात चर्चेसाठी

पुढच्या बैठकीत हे प्रश्न घ्यावेत. आपण स्वतः शेवटचं कधी पळलो, आणि का थांबलो? आपल्या घरातल्या मुलीचा कालचा दिवस तासातासाने मांडला तर त्यात तिचा स्वतःचा किती वेळ निघतो, आणि मुलाचा किती? आपल्या वस्तीतल्या मैदानावर संध्याकाळी सहा वाजता कोण असतं? आणि शक्य असेल तर बैठक खोलीत न घेता त्याच मैदानावर घ्यावी. सतरंजी बरोबर न्यावी, आणि एखादा चेंडूही.